म्हैस तासाभरात व्याली, सून का नाही?

प्रश्न : डॉक्टर, आमच्याकडे चार पंढरपुरी म्हशी आहेत. मागच्या महिन्यात एक रात्रीची व्याली. मी गोठ्यात गेले तेव्हा खुरं दिसत होती, तासाभरात रेडकू बाहेर, आणि थोड्या वेळात ते उभंसुद्धा राहिलं. त्याच आठवड्यात थोरली सून बाळंत झाली. पहिलटकरीण. आदल्या संध्याकाळपासून कळा, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हाल, शेवटी सिझर. आमचे मालक म्हणतात, हल्लीच्या पोरींना सोसत नाही, म्हशीला कुणी डॉक्टर लावला होता? सून ऐकून घेते, पण तिला लागतं ते मला दिसतं. मीही काही हसत बाळंत झाले नव्हते. बाईलाच एवढं अवघड का, ते सांगाल का? – एक सासू, पंढरपूर तालुका

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी आधी नवऱ्याला वाचायला दिलं. आमच्या घरात दोन डॉक्टर आहेत, मी बायकांची आणि तो गुराढोरांचा. दोघांचीही उमेदीची वर्षं तालुक्याच्या गावी गेली. जेवताना आमच्याकडे ज्या गप्पा चालतात त्या पाहुण्यांसमोर करता येत नाहीत. पत्र वाचून तो एवढंच म्हणाला, “यांना सांग, तुम्ही शेवटचा तास पाहिलात.”

खरं आहे ते. खुरं दिसायच्या आधी काही तास म्हशीचं काम चालू झालेलं असतं. ती बाजूला होते, उठबस करते, वैरणीला तोंड लावते आणि सोडते, शेपटी उचलून धरते. ओरडत मात्र नाही. ज्या जनावरांच्या मागावर वाघ असायचा त्यांना अशा वेळी आवाज करून परवडत नव्हतं. तुम्ही गोठ्यात पोचलात तेव्हा पिशवीचं तोंड पूर्ण उघडून झालं होतं, पाणमोट फुटली होती. सुनेच्या बाबतीत मात्र तुम्ही आदल्या संध्याकाळच्या पहिल्या कळेपासून मोजलंत. दोन्हीकडे एकाच जागेपासून मोजलं तरी बाईला जास्त वेळ लागतो, पण एक तास विरुद्ध अख्खी रात्र, एवढा तो फरक नाही.

आता मालकांच्या प्रश्नाकडे. म्हशीला कुणी डॉक्टर लावला होता? आमच्या दारात अपरात्री मोटारसायकल थांबली की येणाऱ्याचे पाय बघायचे. पायाला शेण असलं की नवऱ्याने उठायचं. म्हशींमध्ये एक अडचण नेहमीची, गर्भाशयाला पीळ पडण्याची. म्हैस तळमळते, जोर करते, बाहेर काहीच येत नाही. हा कोपरापर्यंत हात घालतो, तेव्हा वाटेच्या भिंतीला पडलेल्या तिरप्या वळ्या बोटांना लागतात. त्या कुठे वळल्यात त्यावरून पीळ उजवा की डावा ते कळतं, बहुतेकदा उजवाच निघतो. मग म्हशीला पीळ असेल त्या कुशीवर पाडायचं, पुढचे दोन आणि मागचे दोन पाय बांधायचे, पोटावर लांब फळी तिरकी टाकायची, फळीच्या जमिनीवर टेकलेल्या टोकाशी एक माणूस उभा करायचा आणि बाकीच्यांनी दोऱ्या ओढून म्हैस त्याच बाजूला लोळवायची. फळीमुळे आतलं रेडकू जागेवर दाबून राहतं, म्हैस त्याच्याभोवती फिरते आणि पीळ उलगडतो. एकदा, दोनदा, कधी तीनदा करावं लागतं. एवढं करून नाही सुटला तर म्हशीचंही सिझर होतं, गोठ्यात, बॅटरीच्या उजेडात. तेव्हा मालकांना सांगा, तुमची म्हैस सुखरूप सुटली ते तुमचं नशीब. लहान चणीच्या गायीला थोराड होल्स्टीन वळूचं रेतन केल्यावर काय होतं, यावर माझा नवरा तासभर बोलू शकतो. ते इथे नको.

तरीही तुमचा मूळ प्रश्न खराच आहे. सगळे हिशेब केल्यावरही बाईचं बाळंतपण अवघडच ठरतं.

आधी वजन बघू, कारण सगळ्यांना वाटतं की बाळ मोठं म्हणून त्रास. म्हैस ४५० ते ५०० किलोची, रेडकू २५ ते ३० किलोचं. सून समजा ५० किलोची आणि बाळ ३ किलोचं. दोन्हीकडे आईच्या वजनाच्या सहा टक्क्यांच्या आसपास! बोजा सारखाच. फरक आहे तो आकारात. रेडकू येतं ते पुढची दोन खुरं, त्यांवर टेकलेलं निमुळतं नाक, मग कपाळ, मग छाती, असं बारीक टोक पुढे करून. शिवाय म्हशीच्या कमरेतून जाणारी वाट बऱ्यापैकी सरळ असते. आपलं बाळ सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत कठीण भाग आधी घालतं, आणि त्याची वाट वाकडी.

माझ्या टेबलावर प्लास्टिकचा पेल्व्हिस, म्हणजे कमरेच्या हाडांचं कडं, आणि एक कापडी बाहुली असते. पहिलटकरणींना दाखवायला, आणि त्याहून जास्त त्यांच्या सासवांना. या कड्याचं वरचं तोंड आडवं रुंद आहे : डावी-उजवीकडे साधारण १३ सेंटीमीटर, पुढे-मागे ११. मध्यावर दोन्ही बाजूंनी हाडाची दोन टोकं आत आलेली, त्यांच्यामध्ये १० सेंटीमीटरच्या आसपास जागा. खालच्या तोंडाशी उलटा प्रकार, तिथे पुढे-मागे जागा जास्त. बाळाचं डोकं लांबट. म्हणून ते वरून शिरतं तेव्हा आईच्या कुशीकडे तोंड करून, मध्यावर आलं की वळतं, आणि बाहेर पडताना त्याचा चेहरा आईच्या पाठीकडे असतो. डोकं सुटलं की खांद्यांसाठी पुन्हा एक वळण, कारण आपले खांदेही रुंद. वाट आधी खाली आणि मागे जाते, मग जवळजवळ काटकोनात पुढे येते. बाहुली घेऊन मी हे दाखवते तेव्हा ती हमखास मध्यावर अडकते आणि समोरच्या सासूबाईंचा चेहरा बदलतो.

त्यातही बाळाने हनुवटी छातीला टेकवली असेल तर डोक्याचा ९.५ सेंटीमीटरचा भाग पुढे येतो. मान ताठ राहिली तर तेच माप ११.५ होतं. दोन सेंटीमीटरचा फरक, पण त्यावर रात्र जाते. कासार बांगडी भरतो ते आठवा. बांगडी काही ताणत नाही, हातच दाबून, अंगठा आत दुमडून, किंचित फिरवून पुढे सारावा लागतो. बाळाच्या डोक्याचंही तसंच होतं. कवटीची हाडं अजून सांधलेली नसतात, ती एकमेकांवर किंचित सरकतात. टाळू मऊ असते ती याच सोयीसाठी आणि पुढे मेंदूला वाढायला जागा हवी म्हणून. तुमच्या नातवंडाचं डोकं पहिले दोन-तीन दिवस लांबट, वरून फुगलेलं दिसलं असेल तर ते सुनेच्या त्या रात्रभराच्या कष्टांचं चिन्ह आहे. सिझर झालं म्हणून तिने काही केलंच नाही असं नसतं. (आणि हो, आंघोळ घालणाऱ्या बाईला ते डोकं दाबून गोल करू देऊ नका. आपोआप होतं.)

हे असं का झालं? चिंपांझीच्या पिल्लाचं डोकं आईच्या कमरेतून आरामात जातं, चहूबाजूंनी जागा उरते. चार पायांवर चालणाऱ्या जनावरात पाठीमागचं माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड आणि पुढचं जघनाचं हाड समोरासमोर येत नाहीत, एक वर आणि एक खाली राहतं. पिल्लाच्या डोक्याला एका वेळी एकच अडथळा लागतो. आपण दोन पायांवर उभे राहिलो, धडाचा सगळा भार खुब्यांवर घ्यायची वेळ आली, तेव्हा कमरेची हाडं आखूड झाली आणि ती दोन हाडं एकमेकांसमोर आली. इथिओपियात हादार इथे १९७४ मध्ये सापडलेली ‘लूसी’, म्हणजे माणसाच्या एका पूर्वज मादीचा सांगाडा, सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीची. मेंदू चिंपांझीपेक्षा फारसा मोठा नाही, पण कंबर चालणाऱ्याची, आडवी पसरट. म्हणजे चालणं आधी आलं. मेंदू फुगला तो मुख्यतः गेल्या वीस लाख वर्षांत. अडचण दोन हप्त्यांत आली, आणि दुसरा हप्ता आला तोवर कमरेचा आराखडा ठरून गेलेला होता.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ शेरवूड वॉशबर्न यांनी १९६० मध्ये याची मांडणी केली : चालायला कंबर अरुंद हवी, मोठ्या डोक्याला रुंद हवी, म्हणून निसर्गाने मधला मार्ग काढला आणि बाळ कच्चंच बाहेर पाठवलं. आपल्या नवजात बाळाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या तीस टक्क्यांच्याही आतला असतो, चिंपांझीच्या पिल्लाचा चाळीस टक्क्यांच्या आसपास. तुमचं रेडकू तासाभरात उभं राहतं आणि नातवंडाला मान धरायला तीन महिने लागतात, ते म्हणून. ही मांडणी इतकी सुटसुटीत आहे की आम्हाला शिकताना ती सूर्य पूर्वेला उगवतो अशा थाटात सांगितली गेली.

तिला धक्का दिला तो २०१२ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ हॉली डन्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांचं म्हणणं असं की बाळ नऊ महिन्यांत बाहेर येतं ते जागा संपते म्हणून नव्हे, आईची ताकद संपते म्हणून. शरीर स्वस्थ पडून जेवढी ऊर्जा खर्च करतं त्याच्या दोन-अडीच पटीहून जास्त खर्च महिनोन्‌महिने कुणालाच झेपत नाही, आणि गर्भारपणाच्या शेवटी आई त्या हद्दीवर येऊन पोचलेली असते. त्यापुढे बाळाला पोटात पोसणं शक्य नाही, बाहेर काढून दुधावर वाढवणंच शक्य आहे. चिंपांझीइतका तयार मेंदू घेऊन बाळ जन्मायचं तर सोळा महिने पोटात ठेवावं लागेल, आणि त्यासाठी कंबर तीनेक सेंटीमीटरच वाढवावी लागेल, असा हिशेबही त्यांनी मांडला. पुढे २०१५ मध्ये याच गटातल्या अॅना वॉरेनर यांनी बाया-पुरुषांना चालवून-पळवून मोजलं, तर रुंद कमरेच्या माणसाला चालायला जास्त ताकद लागते असं काही दिसलं नाही.

मग कंबर आणखी रुंद का झाली नाही? यावर अजून वाद आहे. मला स्वतःला पटतं ते उत्तर माझ्या ओपीडीत येऊन बसतं. पन्नाशी-साठीच्या बायका, पदर तोंडाशी धरून, “बाई, अंग बाहेर येतंय” म्हणत. म्हशीच्या आतड्यांचा आणि गर्भाचा भार पोटाच्या भिंतीवर लोंबतो. आपण उभे राहिल्यापासून तो भार थेट खालच्या वाटेवर, कमरेच्या तळाच्या स्नायूंवर येतो. हा तळ जेवढा रुंद तेवढा तो लवकर ढिला पडतो. बाळंतपण सोपं करायला कंबर पसरली असती तर पुढची चाळीस वर्षं गर्भाशय आत धरून ठेवणं अवघड गेलं असतं. हे शेवटचं उत्तर आहे असं मी म्हणत नाही. पण रोज जे बघते त्याच्याशी ते जुळतं.

आणखी एक गोष्ट हाडांच्या चर्चेत नेहमी मागे पडते, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ती म्हणजे वार, पोटातल्या बाळाला आईच्या रक्तातून पोसणारी. म्हशीची जार गर्भाशयाला वरवर चिकटलेली असते. सुटताना रक्त फारसं जात नाही. ती पडायला आठ-दहा तास लागले तरी माझा नवरा शांतपणे चहा पितो. माणसाची वार मात्र आईच्या गर्भाशयात मुळं रुजवावीत तशी आत शिरते आणि थेट आईच्या रक्तात डुंबत असते. मेंदू वाढवायचा तर एवढा पुरवठा लागणारच. दिवस भरल्यावर गर्भाशयातून दर मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त वाहतं. वार सुटली आणि गर्भाशय आवळून घट्ट झालं नाही, तर तेवढ्याच वेगाने ते बाहेर येतं. म्हणून बाळ आलं की आम्ही लगेच ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतो आणि अर्ध्या तासात वार पडली नाही तर धावपळ सुरू करतो. सगळे बाळाकडे बघत असतात, पेढ्यांचं बोलत असतात, तेव्हा माझा हात बाईच्या पोटावर असतो, गर्भाशय दगडासारखं लागतंय ना हे बघत. बाळंतपणात बायका दगावतात त्यात रक्तस्राव हे जगभर सगळ्यांत मोठं कारण आहे. रक्तदाब चढून झटके येण्याचा आजारही, पाहायला गेलं तर, जवळजवळ माणसाचाच. त्याचं मूळही वारेत.

मालकांच्या ‘हल्लीच्या पोरी’बद्दलही बोलायला हवं, कारण त्यात थोडं तथ्य आहे, पण त्यांना वाटतं तिथे नाही. कमरेचं कडं मुलगी वयात येताना घडतं. लहानपणी पोट भरलं नाही, ऊन मिळालं नाही, मुडदूस झाला, तर ते आक्रसतं. म्हणून १४५ सेंटीमीटरपेक्षा बुटकी गरोदर बाई आली की आम्ही जास्त लक्ष ठेवतो. तीच मुलगी लग्नानंतर बऱ्या घरात पडली, सातव्या महिन्यात डिंकाचे लाडू सुरू झाले, त्यात गरोदरपणातली साखर वाढली, तर बाळ साडेतीन-चार किलोचं होतं. कडं दुष्काळातलं आणि बाळ सुकाळातलं, असा पेच आपल्याकडे फार दिसतो. यात पोरींच्या सोसण्याचा प्रश्न कुठे आला? मुलीच्या ताटात दूध-अंडं किती पडलं होतं, हा प्रश्न आहे, आणि तो मालकांच्या पिढीला विचारायचा आहे.

शेवटी, सोबतीचं. बहुतेक माकडांचं पिल्लू आईकडे तोंड करून बाहेर येतं. ती खाली हात घालून त्याला स्वतःच वर ओढून घेते, नाका-तोंडावरचं पुसते. आपलं बाळ पाठ दाखवत येतं. आईने ओढायला जावं तर त्याची मान मागे मोडेल, नाळ गळ्याभोवती असली तर तिला दिसणारही नाही. वेंडा ट्रेवॅथन आणि कॅरन रोझेनबर्ग या अभ्यासकांचं म्हणणं आहे की सुईण हा माणसाचा पार जुना शोध असावा, कारण एकटीने बाळंत होणं जगातल्या जवळजवळ कुठल्याच समाजात रीत म्हणून आढळत नाही. यालाही फाटे फुटलेत. जपानमध्ये पाळलेल्या चिंपांझींची बाळंतपणं जवळून पाहिली, तर त्यांचीही पिल्लं आईच्या उलट दिशेला तोंड करून आली. हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. पण तिथे जागा ऐसपैस असल्याने कुणाचं काही अडलं नाही. आणि २०१८ मध्ये बोनोबो वानरांबद्दल नोंद आली : एक मादी विताना बाकीच्या माद्या तिच्याभोवती राहतात, नरांना जवळ येऊ देत नाहीत, पिल्लू धरायला हातही पुढे करतात.

सोबतीने कळा कमी होत नाहीत, पण वेळ कमी होतो. ग्वाटेमालात १९८० मध्ये झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात पहिलटकरणींजवळ एक अनोळखी पण प्रेमळ बाई सतत बसवली, एवढंच. ज्यांच्याजवळ ती होती त्यांचं बाळंतपण बरंच लवकर आटोपलं. सुनेला दवाखान्यात आत एकटीला ठेवलं होतं का, हे तुम्ही लिहिलं नाही. आता सरकारी दवाखान्यांतही प्रसूतीच्या वेळी घरातली एक बाई जवळ ठेवता येते. पुढच्या खेपेला आधीच विचारून ठेवा आणि तुम्ही स्वतः जा. मालकांना बाहेर बसवा.

प्रश्न : माझी आजी भुईमूग काढता काढता बांधावर बाळंत झाली आणि संध्याकाळी घरी येऊन भाकऱ्या केल्या, असं घरात सांगतात. आता दर दुसरं बाळंतपण सिझरचं. शरीर बदललं की डॉक्टर बदलले? – एक वाचक, निफाड

उत्तर : आजींना नमस्कार. पण बांधावर बाळंत होऊन भाकऱ्या केलेल्या आज्यांच्याच गोष्टी नातवंडांपर्यंत पोचतात. ज्या बांधावरच राहिल्या त्यांची गोष्ट सांगायला नातवंडं नाहीत, किंवा घरात दुसरी आजी आली. जुन्या घरांतल्या वंशावळी काढून बघा, आजोबांच्या दोन-दोन, तीन-तीन बायका का होत्या ते. २०१८-२० च्या सरकारी नोंदणीनुसार महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू ३३ होते. देशाचा आकडा त्याच वर्षांत ९७ होता.

आणि डॉक्टरांचं म्हणाल तर माझ्या व्यवसायबंधूंना हे आवडणार नाही, पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१ चे आकडे बोलके आहेत. देशात सिझरचं प्रमाण २१.५ टक्के. सरकारी दवाखान्यांत १४.३, खासगीत ४७.४. अवघड केसेस खासगीकडे वळतात हे काही अंशी खरं, पण उलट अवघड केसेस सरकारी जिल्हा रुग्णालयात ढकललेल्याही मी भरपूर पाहिल्यात. बाईचा पेल्व्हिस दवाखान्याची पाटी वाचून आकार बदलत नाही. गरज नसताना केलेलं सिझर पुढच्या गरोदरपणात वार जुन्या व्रणात रुतून बसण्याचा धोका वाढवतं, आणि ते प्रकरण जिवावर बेततं. तेव्हा ‘सिझर सांगितलंय’ असं कळलं की ‘का?’ एवढं विचारायचा हक्क तुम्हाला आहे. नीट उत्तर देणारा डॉक्टर त्याने चिडत नाही.

प्रश्न : सिझरमुळे अरुंद कमरेच्या बायका आणि मोठ्या डोक्याची बाळं वाचतात. मग काही पिढ्यांनी माणूस सिझरशिवाय जन्मूच शकणार नाही का? – एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : व्हिएन्नातल्या फिलिप मिटेरोकर यांच्या गटाने २०१६ मध्ये असं गणित मांडलं होतं आणि वर्तमानपत्रांनी ते उचलून धरलं. ते गणितच होतं, कुणी बायकांच्या कमरा पिढ्यान्‌पिढ्या मोजलेल्या नव्हत्या. त्या गणितातही अडलेल्या बाळंतपणांची वाढ निघते ती शेकड्यात एखाद्या टक्क्याहूनही कमी. खाणंपिणं, उंची, मधुमेह यांचा परिणाम एका पिढीत त्याच्या कितीतरी पट होतो. त्यामुळे मला याची झोप उडण्याइतकी काळजी वाटत नाही.

मुद्दाम निवड करत गेलं तर काय होतं ते बघायचं असेल तर बुलडॉग बघ. मोठं डोकं आणि बारीक कंबर आवडते म्हणून माणसाने शंभर-दीडशे वर्षं तशीच कुत्री जुळवली. ब्रिटनमधल्या २०१० च्या एका पाहणीत बुलडॉगच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त विती सिझरने झाल्याचं आढळलं. गावातल्या कुत्रीला हा प्रश्न कधी पडलेला नाही. आपल्याकडे कुणी डोक्याचं माप घेऊन लग्नं जुळवत नाही, निदान अजून तरी.

प्रश्न : माणसापेक्षाही अवघड बाळंतपण कुठल्या प्राण्याचं असतं का? – इयत्ता आठवी, औसा

उत्तर : असतं. न्यूझीलंडच्या किवी पक्ष्याचं अंडं मादीच्या वजनाच्या जवळपास पाचव्या हिश्शाएवढं असू शकतं. गिनीपिगची पिल्लंही आईच्या मानाने फार मोठी, पण विण्याच्या आधी तिचं पुढचं जघनाचं हाड मधोमध चांगलं बोटभर उघडतं. ज्या संप्रेरकामुळे ते होतं त्या रिलॅक्सिनचा शोध १९२६ मध्ये गिनीपिगवरच लागला. बायकांच्या शरीरातही ते असतं, आपल्याकडे मात्र तो सांधा काही मिलिमीटरच सैल होतो.

पण सगळ्यांत वाईट अवस्था आफ्रिकेतल्या ठिपकेदार तरसाच्या मादीची. तिचं जननेंद्रिय नरासारखं लांब नळीसारखं असतं आणि पिल्लाला त्या अरुंद नळीतूनच बाहेर यावं लागतं. वाट मध्येच उलटी वळते, नाळ मात्र आखूड, त्यामुळे पिल्लू बाहेर पडायच्या आतच नाळ तुटू शकते. पहिल्या खेपेला ती नळी फाटते, कितीतरी पिल्लं गुदमरून मरतात, कधी आईही मरते. पुढच्या खेपांना वाट मोकळी झालेली असते. आपल्या माळरानावर दिसतं ते पट्टेरी तरस वेगळं, त्याच्या मादीला हा त्रास नसतो.